जीपला हिवाळी चाकं: कॅनडात खर्च किती, वाचवायचा कुठे

कॅनडात जीप रँग्लर घेताना डोळ्यांसमोर बहुधा उन्हाळा असतो. छप्पर काढून फिरायचं, अल्गॉनक्विनच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जायचं, सरोवराकाठी तंबू ठोकायचा. मग ऑक्टोबर येतो आणि टायरच्या दुकानातला पहिला आकडा कानावर पडतो: तीन हजार डॉलर, कर वेगळा. इतके पैसे ऐकले की मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनच्या आपल्या मंडळींत दर वर्षी तोच प्रश्न निघतो, ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे ना? मग हिवाळी टायर कशाला?’

टायर हवेतच, त्याची कारणं पुढे येतील. पण तीन हजारांचा आकडा मात्र निमूटपणे मान्य करू नका. गाडी धिप्पाड म्हणून तिचे हिवाळी टायरही रुंद आणि रुबाबदार हवेत, या समजुतीपोटी लोक नाहक पैसे घालवतात. बर्फात अरुंद टायर आणि साधी रिमच जास्त कामाची, आणि या संचाला खर्चही हजारभर डॉलरने कमी येतो. खालचे सगळे आकडे कॅनेडियन डॉलरमधले आहेत. किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक त्या बदलतील. पण दोन पर्यायांतलं अंतर कळायला त्या पुरेशा आहेत.

फोर व्हील ड्राइव्हचं आधी. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी जागची हलते, चढ चढते, पार्किंगमध्ये नांगरून टाकलेल्या बर्फाच्या ढिगातून बाहेर पडते. थांबताना मात्र इंजिनाचा उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. सिग्नलला गाडी कुठे थांबणार हे रस्त्याला टेकलेलं रबर ठरवतं, आणि रँग्लर वजनदार असल्याने त्या रबरावरचा भार मोठा.

दुसरी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बऱ्याच रँग्लरमध्ये पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह असतो. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल त्यात एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर तो लावायचा नसतो. वळताना सगळी यंत्रणा ताणली जाते. टोरोंटोच्या परिसरातला जानेवारीतला रस्ता डोळ्यांपुढे आणा: मीठ टाकलेला, बराचसा कोरडा, मध्येच सावलीत काळ्या बर्फाचा पट्टा, पुलावर पुन्हा निसरडं. अशा रस्त्यावर तुम्ही टू व्हील ड्राइव्हमध्ये असता, म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी, उंच गाडी चालवत असता. रँग्लरला हिवाळी टायर एखाद्या साध्या पुढच्या चाकांच्या मोटारीपेक्षाही जास्त गरजेचे आहेत असं मी म्हणतो, ते यामुळे.

आता टायरच्या बाजूवर काय कोरलंय ते वाचायला शिका. पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. बहुतेक ऑफ-रोड टायरवर ‘एम + एस’ अशी अक्षरं असतात. चिखल आणि बर्फ असा त्यांचा अर्थ असला तरी त्यामागे कुठलीही बर्फावरची चाचणी नाही. नक्षीच्या खाचा ठरावीक प्रमाणात मोकळ्या असल्या की ती अक्षरं कोरता येतात. खरी खूण वेगळी आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे चिन्ह १९९९ पासून वापरात आहे आणि ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते. मात्र ती चाचणी पुढे खेचण्याची ताकद मोजते. ब्रेक लावल्यावर टायर किती घसरतो, गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर काय होतं, हे त्यात मोजलं जात नाही. बीएफगुडरिचचा केओ-२ किंवा फाल्कनचा वाइल्डपीक यांसारख्या ऑल-टेरेन टायरवरही हे चिन्ह आढळतं. मऊ बर्फात ते टायर खरोखर चांगले चालतात. पण चौकात शेकडो चाकांखाली घासून काच झालेल्या बर्फावर त्यांची आणि ब्लिझॅक, एक्स-आइस किंवा हक्कापेलिट्टा यांसारख्या खास हिवाळी टायरची बरोबरी होत नाही. चिन्ह एकच असलं तरी टायरचा वर्ग वेगळा.

फरक रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी रबर ताठ होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत दबेनासं होतं. हिवाळी टायरचं मिश्रण उणे वीस-पंचवीसलाही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी रेषा असतात. बोटाने ठोकळा बाजूला दाबून पाहिला की त्या चिरा उघडतात. बर्फावर त्यांच्या कडा पकड घेतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्यांच्यात शिरतो.

मड-टेरेन टायर या बाबतीत अगदी उलट आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलवाटांवर थार नेणाऱ्यांना तो प्रिय असतो आणि तिथे तो योग्यच आहे: मोठे भरीव ठोकळे, मध्ये रुंद मोकळ्या जागा, म्हणजे चाक फिरलं की चिखल झटकला जातो. बर्फात मात्र झटकून चालत नाही. दाबलेला बर्फ बर्फालाच उत्तम धरतो, म्हणून टायरने थोडा बर्फ खाचांत पकडून ठेवावा लागतो. भरीव, चिरा नसलेला ठोकळा बर्फाळ उतारावर नुसता घसरत जातो. तुमच्या रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीवर मड-टेरेन टायर असतील तर नोव्हेंबरात ते उतरवाच. याला मी अपवाद ठेवत नाही.

मग माप. हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण बचत याच हिशेबात दडली आहे. रँग्लरच्या जेएल पिढीत स्पोर्ट आवृत्तीला २४५/७५आर१७, सहाराला बहुधा २५५/७०आर१८ आणि रुबिकॉनला २८५/७०आर१७ असे टायर कारखान्यातून येतात. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. त्यावरून चाकाची एकूण उंची काढता येते. सहाराचा टायर घ्या: २५५ चे ७० टक्के म्हणजे १७८.५, वर-खाली मिळून ३५७, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवले की ८१४.२ मिलिमीटर. आता २५५/७५आर१७ हे माप तसंच करून पाहा: ३८२.५ अधिक ४३१.८, म्हणजे ८१४.३. दोन्ही चाकं जवळपास तंतोतंत एकाच उंचीची! सहारावाल्याने १८ वरून १७ इंची रिमवर उतरावं, ते यासाठीच. स्पीडोमीटर बदलत नाही, मागच्या दारावरची स्टेपनी मोठ्या रिमची असली तरी उंचीने जुळते, रिम स्वस्त मिळते आणि बाजूची भिंत उंच झाल्याने खड्ड्यांत रिम वाकण्याची भीती कमी होते. मार्चमध्ये बर्फ वितळला की ऑन्टारिओच्या रस्त्यांवर पडणारे खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना या शेवटच्या फायद्याचं मोल समजेल.

रुबिकॉनवाल्यालाही तेच २५५/७५आर१७ सुचवेन. त्याची मूळची ८३१ मिलिमीटर उंची दोन टक्क्यांनी कमी होते. स्पीडोमीटर किंचित जास्त वेग दाखवेल, त्याने बिघडत नाही. रुंदी ३० मिलिमीटरने घटते आणि तेवढ्याने फरक पडतो. रुंद टायर चिखलपाण्याच्या बर्फावर तरंगायला लागतो, अरुंद टायर तो कापून खाली रस्त्यापर्यंत पोहोचतो. रुंद टायर हवा कमी करून खोल, न मळलेल्या बर्फावर चालवायला उपयोगी, हे खरं. पण तुमचा हिवाळा हायवे ४०१ वर, शाळेच्या रांगेत आणि किराणा दुकानाच्या आवारात जातो. टायर त्या रस्त्यासाठी घ्या. रुबिकॉनची स्टेपनी मात्र आता उंचीने वेगळी पडते. पंक्चर झालं तर ती लावून फोर व्हील ड्राइव्ह न घालता जवळच्या दुकानापर्यंतच जायचं.

माप उतरवताना एक गोष्ट सोडायची नाही: लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा. ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकर पाहा. नवा आकडा त्याहून कमी नको. वेगाचं अक्षर हिवाळी टायरला खालचं चालतं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर म्हणजे १७०. बर्फात त्याच्या जवळपासही कुणी जाऊ नये. ‘दहा प्लाय’ म्हणून विकले जाणारे अवजड ट्रकचे ई श्रेणीचे टायर रँग्लरला लागत नाहीत. भिंत ताठ, गाडी आदळते आणि किंमतही जास्त.

रिमकडे येऊ. स्टीलची की अलॉयची? मी स्टीलकडे झुकतो. काळी स्टीलची रिम १७ इंचांत साधारण ११० ते १६० डॉलरला मिळते, साधी अलॉय १८० ते ३००. स्टील खड्ड्यात आपटलं तर वाकतं, पण बरेचदा सरळ करता येतं. अलॉयला तडा गेला की ती बाद. मीठ दोघांनाही खातं. स्टीलवर गंज दिसतो. अलॉयचा रंग उडून टायर बसतो त्या कडेला पांढरी भुकटी धरते आणि तिथून हळूहळू हवा जाते. क्रोम किंवा चकचकीत पॉलिशची रिम हिवाळ्यात वापरूच नये. स्टीलच्या रिमचा एक दोष सांगायला हवा: तिच्या खोलगट पोटात बर्फ भरून गोठतो आणि सकाळी हायवेला लागताच स्टीअरिंग थरथरू लागतं. रँग्लरचा पुढचा अ‍ॅक्सल सलग दांड्याचा असल्याने असंतुलन तिला चटकन जाणवतं. निघण्यापूर्वी जुन्या झाडणीने रिमचं पोट रिकामं करावं. दोन मिनिटांचं काम आहे.

विकत घेताना चार गोष्टी जुळवा. रँग्लर जेएलला पाच नट, १२७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ७१.५ मिलिमीटर. ऑफसेट मूळच्या जवळपासचा. चाक बाहेर येणारी रिम घेतली तर मीठ-गारा दारांवर उडतो आणि बेअरिंगवर भार वाढतो. चौथी गोष्ट नट: जेएलचे १४ मिलिमीटरचे, आधीच्या जेके मॉडेलचे अर्धा इंची, वेगळ्या आट्यांचे. जुन्या जेकेच्या रिम्स विकायला बऱ्याच निघतात, वर्तुळही तेच असतं. सोबत मिळालेले नट मात्र जेएलवर बसणार नाहीत. नटाचा उतारही रिमच्या उताराशी जुळला पाहिजे.

हवेचा दाब मोजणारे सेन्सर हा खर्च लोकांना शेवटी कळतो: एकेक ५० ते ९० डॉलर, असे चार. अमेरिकेत ते सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना कायद्याने सक्तीचे आहेत, कॅनडात नाहीत. नाही घेतले तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा हिवाळाभर जळत राहील, एवढंच. बजेट अगदी तंग असेल तर मी सेन्सर गाळून पंधरा डॉलरचा चांगला गेज घ्यायला सांगेन, पण दर आठवड्याला हवा तपासणार असाल तरच. टायरच्या दर्जात मात्र काटछाट करू नका.

आता गोळाबेरीज. सहारा, मिसिसॉगा, १७ इंची स्टील संच: टायर २८० प्रमाणे ११२०, रिम्स १३० प्रमाणे ५२०, सेन्सर ६० प्रमाणे २४०, बसवणं आणि बॅलन्सिंग चाकाला ३० प्रमाणे १२०. एकूण २०००, ऑन्टारिओचा १३ टक्के कर धरून २२६०. दुकानदाराने सुचवलेला रुबाबदार संच, म्हणजे २८५ रुंदीचे टायर ४०० प्रमाणे, अलॉय २५० प्रमाणे, सेन्सर आणि बसवणं धरून २९८० च्या घरात जातो. कर धरून ३३६७. अकराशे डॉलर जास्त मोजून मिळतं काय, तर शहरी बर्फात कमी पकड.

तिसरा पर्याय म्हणजे रिम्स न घेता त्याच १८ इंची रिमवर वर्षातून दोनदा टायर बदलणं. टायरचे १२८० धरा आणि प्रत्येक बदलाला १६० च्या आसपास, कारण जुना टायर सोलून नवा चढवायचा आणि बॅलन्स करायचा. पाच वर्षांत दहा बदल, म्हणजे १६००, एकूण २८८०. रिम्स असतील तर नुसतं चाक बदलायचं, सुमारे ८० डॉलर. दहा वेळचे ८००, मूळ २००० धरून २८००. कर दोन्हीकडे तितकाच लागतो. म्हणजे ‘रिम्स स्वतःचा खर्च भरून काढतात’ हे दुकानदाराचं वाक्य जेमतेम खरं आहे; पाच वर्षांनी बरोबरी. रिम्सचा खरा फायदा तिघांना. जो स्वतःच्या ड्राइव्ह-वेवर जॅक आणि टॉर्क पाना घेऊन चाकं बदलतो त्याचे ते आठशे वाचतात. ज्याची गाडी पाचाहून जास्त वर्षं टिकणार आहे त्याला पुढचा संच बिनरिमचा पडतो. आणि ज्याला मूळच्या अलॉय मिठापासून वाचवायच्या आहेत त्याला त्या गाडी विकताना चकचकीत मिळतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने साठवणीचे हंगामाला ८० ते १५० डॉलर या हिशेबात जरूर धरावेत. त्याच्यासाठी गणित उलटू शकतं. हिवाळी टायरवर जेवढे किलोमीटर जातात तेवढी उन्हाळी टायरची झीज वाचते, म्हणून टायरच्या किमतीला मी निव्वळ जादा खर्च मानत नाही.

वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालवणाऱ्या, हिमवादळात घरी बसू शकणाऱ्या निवृत्त जोडप्याला हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन टायर बारा महिने पुरेल. पहाटे पाचला हॉस्पिटलच्या पाळीला निघणाऱ्या नर्सला मी तो सुचवणार नाही.

विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात. ऑन्टारिओत १ जानेवारी २०१६ पासून चारही हिवाळी टायर लावणाऱ्यांना सवलत देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. ती साधारण दोन ते पाच टक्के असते. ब्रॅम्प्टनचे हप्ते जड असतात. वर्षाला २४०० भरत असाल तर पाच टक्क्यांनी १२० डॉलर, पाच वर्षांत ६००. ती आपोआप मिळत नाही, फोन करून मागावी लागते. टायरची पावती जपा. क्युबेकमध्ये नोंदवलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च हिमकणाच्या चिन्हाचे किंवा खिळ्यांचे टायर सक्तीचे आहेत, नसतील तर दंड २०० ते ३०० डॉलर, वर खर्च. ब्रिटिश कोलंबियात डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर लागतात, ‘एम + एस’ चालतो, पण खाच किमान साडेतीन मिलिमीटर हवी. खिळ्यांचे टायर दक्षिण ऑन्टारिओत वापरता येत नाहीत, म्हणजे टोरोंटोकरांनी तो विचारच करू नये.

जुना संच घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये शोधा. जीप विकून टाकलेले लोक गराज रिकामं करण्यासाठी रिमसकट चाकं निम्म्या किमतीत देतात. पाहायला जाताना सोबत खाच मोजायचा गेज न्या. नवा हिवाळी टायर आठ ते दहा मिलिमीटर खोल असतो. पाचच्या खाली गेला की बर्फात त्याची कामगिरी घसरते आणि चारला तो माझ्या दृष्टीने संपला, भले कायदा त्याहून झिजलेला चालवून घेवो. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार अंक पाहा: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर खोल दिसला तरी रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून पाहा, आणि शंका आली तर सोडून द्या. चारही चाकं एकाच मापाची आणि सारख्या झिजेची हवीत. जखडलेल्या अ‍ॅक्सलला दोन नवे, दोन जुने हा प्रकार मानवत नाही.

नवा संच घेणार असाल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोंदवा. कंपन्यांच्या सवलती तेव्हा चालू असतात आणि दुकानात जागा मिळते. पहिला बर्फ पडल्यावर रांग लागते आणि २५५/७५आर१७ सारखं कमी खपाचं माप हाती लागत नाही. दर विचारताना एकच प्रश्न विचारा: ‘सगळं धरून, करासकट, गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत किती?’ झडपा, टायर पुनर्वापर शुल्क, सेन्सर जोडणी अशा किरकोळ रकमा मग वेगळ्या निघत नाहीत.

चाकं चढवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, नाही तर रिम नीट टेकत नाही आणि वसंतात हातोडा मारूनही निघत नाही. जेएलचे नट १७६ न्यूटन-मीटरला, म्हणजे १३० फूट-पाउंडला, एकाआड एक असे आवळायचे आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. दुकानात बसवले असतील तरीही. हवा उबदार गराजमध्ये भरली तर बाहेर ती कमी दाखवते: दर साडेपाच अंशांना जवळपास एक पीएसआय. २० अंशांत ३६ पीएसआय भरलेला टायर कॅल्गरीच्या उणे २० मध्ये रात्रभर उभा राहिला की २९ वर येतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, बाहेरच तपासा आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा भरा. टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा भरू नका. स्टिकर मूळ मापाचा आहे. माप बदललेल्या रुबिकॉनवाल्याने योग्य दाब टायर बसवणाऱ्याकडून पावतीवर लिहून घ्यावा.